नद्यांचे पुनरुज्जीवन की पोकलेनचे?

उन्हाळा लागला की गेली दहा-बारा वर्षे आपल्या राज्यात एक नवाच सोहळा साजरा होऊ लागला आहे. कोरड्या ओढ्याच्या पात्रात एक पिवळे यंत्र आणून उभे केले जाते, त्याच्या लोखंडी बकेटला झेंडूचे हार घातले जातात, लोकप्रतिनिधींच्या हस्ते नारळ फुटतो आणि 'नदी पुनरुज्जीवना'च्या कामाचा शुभारंभ झाल्याचे जाहीर होते. महिन्याभराने त्या जागी दोरी लावून आखल्यासारखा, दोन्ही काठ तासलेला आणि तळ सपाट केलेला एक लांबलचक चर तयार होतो. त्याचे छायाचित्र घेतले जाते. पावसाळ्यानंतर त्यात पाणी साठले की दुसरे छायाचित्र घेतले जाते आणि दोन्ही शेजारी-शेजारी छापली जातात. छायाचित्रे दोन्ही खरी असतात. खोटा असतो तो त्यांच्याखाली छापलेला 'पुनरुज्जीवन' हा शब्द.

पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कारखान्याचे नाव. आज ते मराठी खेड्यात कुदळ-फावड्याइतके रुळले आहे. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. भाषा अशीच वाढत असते. खेदाची गोष्ट ही की नवा शब्द शिकताना आपण 'ओढा' या जुन्या शब्दाचा अर्थ विसरलो. शासकीय अंदाजपत्रकात ओढा म्हणजे लांबी, रुंदी आणि खोली, व त्यांच्या गुणाकारातून निघणारे घनमीटर. ज्याचे बिल घनमीटरवर निघते, त्याच्या दृष्टीने ओढ्यातील प्रत्येक खडक, प्रत्येक वळण आणि काठावरचे प्रत्येक करंजाचे वा उंबराचे झाड म्हणजे कामातील अडथळा. परंतु जिवंत ओढा नेमका या अडथळ्यांचाच बनलेला असतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी काठ कोरते, तेथे डोह पडतो. आतल्या अंगाला वेग मंदावतो, तेथे वाळू आणि गोटे साठतात. दोन डोहांच्या मध्ये उथळ खळाळ असतो. त्या खळाळात पाणी फुटते, उसळते आणि हवा पोटात घेते. काठावरच्या झाडाचा पाला पाण्यात पडून कुजतो, त्यावर किडे वाढतात आणि किड्यांवर मासे. झाडाची मुळे काठ धरून ठेवतात व सावलीने पाणी थंड राहते. ही सारी रचना शेकडो पावसाळ्यांनी घडवलेली असते. ती एका आठवड्यात सरळ आणि सपाट करून टाकणे याला खोदकाम म्हणता येईल, हवे तर जलसंधारणही म्हणा. पण पुनरुज्जीवन म्हणू नका.

दख्खनच्या पठारावरील माशांचे सारे वर्ष या डोहांभोवती फिरते, हे नदीकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही. आपले बहुतेक ओढे बारमाही नाहीत. हिवाळा सरता सरता प्रवाह तुटतो आणि मरळ, वाम, शिंगी यांसारखे मासे उरलेल्या डोहांत आश्रयाला जातात. पुढचे चार महिने तो डोह म्हणजे त्या ओढ्याच्या सगळ्या वंशाची पेढी. मृगाचा पाऊस पडून पहिला लोंढा आला की तेच मासे प्रवाहाच्या विरुद्ध वर निघतात आणि उथळ पाण्यात, गोट्यांच्या फटीत, थेट भातखाचरांत जाऊन अंडी घालतात. 'चढणीचे मासे' हा शब्द त्यातूनच आला; कोकणात त्याला 'वलगण' म्हणतात. खोलीकरणाने या दोन्ही टोकांवर घाव बसतो. उन्हाळ्याचा डोह सपाटीत विरून जातो. आणि पावसाळ्याची वाट उभे काठ आणि एकामागोमाग एक बांधलेले सिमेंटचे बंधारे यांनी अडते. दहा-बारा फुटी बंधाऱ्यावरून उडी मारून वर जाणारा मासा आपल्याकडे जन्माला आलेला नाही.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते. खोल खणले तर पाणी जास्त राहील, पाणी जास्त राहिले तर मासे जास्त होतील, मग बिघडले कोठे? उत्तर वरवर बिनतोड वाटते. मासे होतातही; पण कोणते? संथ आणि गढूळ पाण्यात फोफावणारा तिलापिया, बाहेरून आणलेला सायप्रिनस, आणि बोटुकली आणून सोडलेले कटला-रोहू. ही तळ्यातली मासळी. वाहत्या पाण्यात दगडाला धरून राहणारे, गोट्यांवरचे शेवाळ खरवडून खाणारे, स्वच्छ वाळूत अंडी घालणारे मासे तेथे टिकत नाहीत. कर्नल सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांची नोंद केली, तेव्हा त्याने येथील लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावांत घातली. खुडरी, कोळस, नुकता, फुलंगी ही नावे आज जगभरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत लॅटिन वेशात वावरत आहेत. शंभर वर्षांनी, १९४२ साली, फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. तिच्याशी आजची मुळा-मुठा ताडून पाहावी, म्हणजे 'सुधारणा' या शब्दाने आपल्या नद्यांना काय काय दिले ते कळेल. ज्या माशांना मराठी भाषेने नाव दिले, ते मराठी मुलखातील ओढ्यांतून नाहीसे व्हावेत आणि त्याची नोंद कोणत्याही कामाच्या पूर्तता-दाखल्यात नसावी, ही नुसती निसर्गप्रेमींच्या हळहळीची बाब नाही.

आपल्याकडे डोह राखण्याची परंपरा नव्हती असेही नाही. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे, वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे आहे. दोन्ही ठिकाणी देवाच्या नावाने मासेमारी वर्ज्य आहे आणि दोन्ही ठिकाणी महाशीर आजवर टिकून राहिला आहे. देवाच्या धाकाचा गौरव करणे हे आमचे काम नव्हे. पण एक डोह वाचला की साऱ्या नदीचे बीज वाचते, एवढी गोष्ट ज्यांना कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात न जाता कळली, त्यांना अडाणी म्हणण्याचा अधिकार तो डोह बुजवून घनमीटर मोजणाऱ्यांना पोहोचत नाही.

आता या साऱ्यामागचे धोरण पाहू. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान जाहीर झाले. दर वर्षी ५,००० गावे घेऊन २०१९ पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करावयाचा, अशी घोषणा होती. अभियानाच्या यादीत माथ्यापासून पायथ्यापर्यंतची अनेक कामे होती: समतल चर, बांधबंदिस्ती, जुन्या बंधाऱ्यांची दुरुस्ती. पण यादीत असणे वेगळे आणि प्रत्यक्षात होणे वेगळे. डोंगरावरचा चर दिसत नाही, त्याला उद्घाटन नाही आणि त्याला यंत्रही लागत नाही. साहजिकच बोलबाला झाला तो नाला खोलीकरण आणि रुंदीकरणाचा. शासनानेच खोलीकरणाला ३ मीटरची मर्यादा घातली होती. पात्रात उतरलेल्या यंत्राला ती मर्यादा कोण दाखवणार? प्रा. एच. एम. देसरडा यांनी या कामांच्या अशास्त्रीयतेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 'वाल्मी'तील निवृत्त प्राध्यापक प्रदीप पुरंदरे हे तर आरंभापासून सावध करीत होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये, म्हणजे टंचाईमुक्तीची मुदत दाराशी आली असताना, याच शासनाला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. सप्टेंबर २०२० मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल विधिमंडळापुढे आला. ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही भूजलपातळी वाढवण्याच्या कामी अभियानाचा प्रभाव अल्पच पडला, असा त्याचा निष्कर्ष होता. मधल्या काळात सरकार बदलले, चौकशी लागली, पुन्हा सरकार बदलले आणि २०२३ मध्ये 'जलयुक्त शिवार २.०' सुरू झाले. चौकशीतून काय शिकलो हे सांगण्याची गरज कोणाला वाटली नाही.

न्यायाने बोलायचे तर काही गावांत विहिरींना पाणी आले, हे नाकारता येत नाही. जेथे जुन्या तलावात वा बंधाऱ्यात खरोखर गाळ साचला होता, तेथे तो काढणे आवश्यकच होते. आमचा आक्षेप एकच औषध प्रत्येक रोग्याला पाजण्यावर आहे. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून जो प्रयोग केला, त्यात तापी खोऱ्याच्या गाळाच्या जाड थरांना महत्त्व होते. वरचा चिकण थर भेदला तर पाणी खालच्या वाळूत उतरते, असा तेथील हिशेब. तो मान्य केला तरी मराठवाड्याच्या आणि पश्चिम महाराष्ट्राच्या पठारावर तसा गाळ कोठे आहे? तेथे एकावर एक बसलेले काळ्या पाषाणाचे थर आहेत. मधून मधून सच्छिद्र मांजऱ्या खडक आणि वर मुरूम. खोदकाम कठीण पाषाणाला भिडले तर तयार होतो फक्त एक लांब हौद, ज्यातले पाणी खाली मुरत नाही आणि वर मात्र उडून जाते. आपल्या कोरड्या भागात उघड्या पाण्याचा वर्षाकाठी सुमारे दोन मीटरचा थर उन्हाने नाहीसा होतो. आणि खोदकामाने पाणी धरणारा थरच कापला तर आजूबाजूच्या विहिरींचे पाणी झिरपून नाल्यात येते. 'नाला भरला' म्हणून ज्याचे छायाचित्र काढतात, ते पाणी कित्येकदा शेजारच्या गरीब शेतकऱ्याच्या विहिरीतून आलेले असते. नदीची वाळू ही खरी झाकलेली टाकी. तिच्यात मुरलेले पाणी ऊन पिऊ शकत नाही. ती टाकी उपसून बाहेर फेकायची आणि मग उघड्या हौदाला जलसाठा म्हणायचे, हा कोणता हिशेब?

आणि साठलेल्या पाण्याचे मालक कोण? याविषयी या साऱ्या अभियानाने मौन धरले, ही गोष्ट समाजवाद्यांना सर्वांत खटकली पाहिजे. खोल केलेल्या नाल्यात पाणी दिसू लागले की पहिल्याच आठवड्यात त्याच्या दोन्ही काठांवर मोटारी बसतात. ज्याची जमीन नाल्याला लागून आहे, ज्याच्याकडे पाइपलाइन टाकण्याइतका पैसा आहे, तो ते उचलतो. दूरच्या माळावरचा कोरडवाहू शेतकरी आणि भूमिहीन मजूर यांच्या वाट्याला येतो तो उद्घाटनाचा पेढा. १९७४ साली विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावला पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो वाटपाचा. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी द्यायचे, भूमिहीनालाही त्याचा वाटा, आणि ऊस लावायचा नाही. पन्नास वर्षांपूर्वी एका दुष्काळी खेड्याने जे नियम केले ते हजारो कोटींच्या अभियानाला करता आले नाहीत. करावेसे वाटले नाहीत, असे म्हणणे अधिक खरे.

हाच प्रश्न श्रमाबाबत. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे पाझर तलावांवर, बांधबंदिस्तीवर आणि खडी फोडण्याच्या कामावर राबली. त्या अनुभवातून आणि वि. स. पागे यांच्या चिकाटीतून रोजगार हमीचा कायदा आला. तो १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम, हे तत्त्व जगाने आपल्याकडून घेतले. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यानेही ठेकेदारांना आणि मजुरांचे काम हिरावणाऱ्या यंत्रांना मज्जाव केला होता. मग दुष्काळाच्या नावाने काढलेल्या कामांवर मजूर का दिसत नाही? कारण पैशाचा मार्ग बदलला. कुदळ धरणाऱ्या शंभर बायाबापड्यांच्या हाती जाणारी मजुरी आता डिझेल, यंत्राचे भाडे आणि कर्जाचे हप्ते या वाटांनी जाते. तालुक्यातालुक्यांत यंत्रमालकांचा एक नवा वर्ग उभा राहिला आहे. यंत्र कर्जावर घेतलेले, हप्ता दरमहा देणे, त्यामुळे यंत्राला उन्हाळाभर काम हवेच. अशा वेळी ओढ्याला खोलीकरणाची गरज आहे की नाही हे कोण विचारणार? आणि यंत्रमालक बहुधा ज्याच्या प्रचाराच्या गाड्या फिरवतो त्याच्याच हाती कामाची शिफारस असते. मजुराने खोदलेला समतल चर तीन वर्षे गवत धरतो आणि त्याच्या घरची चूल पेटवतो. त्याची कोणी जाहिरात करीत नाही, कारण त्यात कोणाचाही मध्यस्थ वाटा नसतो.

पात्रातून निघालेल्या मालाचे काय होते, हा तर स्वतंत्र विषय आहे. वाळूला सोन्याचा भाव आलेला असताना 'खोलीकरण' हा शब्द किती सोयीचा आहे हे नदीकाठच्या पोरांनाही कळते. मुरूम रस्त्यांना हवाच असतो. बुलढाणा जिल्ह्यात नाले आणि तलाव खोदून निघालेली माती-मुरूम महामार्गांच्या भरावाला वापरण्याची पद्धत 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून राष्ट्रीय पातळीवर वाखाणली गेली. तलावाच्या बाबतीत त्यात दोघांचाही लाभ असू शकतो. पण जेव्हा नाल्याची खोली भूजलाच्या गरजेने न ठरता रस्त्याच्या भरावाच्या गरजेने ठरू लागते, तेव्हा नदी ही खाण होते. याच्या अगदी उलट दिशेचा धडा खानापूर तालुक्याने १९८० च्या दशकात दिला आहे. येरळा नदीतील वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि विहिरी आटत होत्या. तेथील मुक्ती संघर्षाच्या कार्यकर्त्यांनी आणि गावकऱ्यांनी तो उपसा अडवला, वाळूवर गावाचा हक्क सांगितला, मोजकीच वाळू विकून त्या पैशातून बळीराजा धरण बांधले आणि त्याचे पाणी समान वाटपाने द्यायचे ठरवले. तीच वाळू, तीच नदी. फरक एवढाच की निर्णय कोणी केला.

भोई समाजाचे नाव तर या चर्चेत कोठे निघतच नाही. धरणांवर त्यांच्या सहकारी संस्था आहेत, त्यांचे ठेके आहेत, भांडणे आहेत. पण ओढ्यात पागर टाकून घरापुरती आणि बाजारापुरती मासळी काढणाऱ्याचा त्या ओढ्यावर कागदोपत्री कसलाच हक्क नाही. त्याचा डोह बुजला तर पंचनामा होत नाही. पिकाची नुकसानभरपाई आहे, पडलेल्या घराची आहे, वीज पडून मेलेल्या बैलाची आहे. आटलेल्या डोहाची नाही. आदिवासी पाड्यांवर पावसाळ्याच्या तोंडी घरात शिजणारी खेकडा-मासळी हे त्या दिवसांतले एकमेव सकस अन्न असते. त्याची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात धरलेली आम्ही पाहिलेली नाही.

यंत्रांची पूजा आपण ज्यांच्याकडून शिकलो, त्या अमेरिकेने याच वेडाची किंमत कशी मोजली ते पाहण्यासारखे आहे. फ्लॉरिडातील किसिमी नदी १६६ किलोमीटर लांबीची, नागमोडी, दोन्ही अंगांना पाणथळ असलेली. १९४७ च्या पुरानंतर तिला शिस्त लावायचे ठरले. १९६२ ते १९७१ या काळात सैन्याच्या अभियंत्यांनी तिचा ९० किलोमीटरचा सरळ कालवा केला. ३० फूट खोल आणि सुमारे ३०० फूट रुंद. पाणथळ जागा सुकल्या, पाणपक्षी गेले, पाण्यातला प्राणवायू घटला आणि मासे गेले. मग तेच अभियंते १९९९ पासून तोच कालवा पुन्हा मातीने भरू लागले. हे काम २०२१ साली पुरे झाले. भरला गेला तो कालव्याचा सुमारे ३५ किलोमीटरचा भाग आणि खर्च आला एक अब्ज डॉलरच्या घरात, म्हणजे नदी बिघडवायला लागला त्याच्या अनेक पट. पॅसिफिक किनाऱ्यावरील ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांत दुसरा तमाशा झाला. प्रवाहात पडलेल्या ओंडक्यांमुळे सॅमन माशाची वाट अडते, असे ठरवून १९५० ते १९७० च्या दशकांत सरकारी खात्यांनी ट्रॅक्टर लावून ओढे 'साफ' केले. पुढे कळले की त्या ओंडक्यांमागेच डोह पडत होते आणि पिल्ले त्यांच्याच आडोशाने वाढत होती. १९८० नंतर तीच खाती यंत्रांनी, कोठे कोठे हेलिकॉप्टरने, ओंडके परत आणून ओढ्यांत टाकू लागली. या गोष्टी हसण्यावारी नेण्याजोग्या नाहीत. श्रीमंत देशाला चूक करायची आणि ती निस्तरायची, अशी दोन्ही चैन परवडते. आपल्याला फक्त पहिलीच परवडेल.

पण त्याच देशाकडून घेण्यासारखेही एक उदाहरण आहे आणि ते यंत्रांचेच आहे. कॅलिफोर्निया आणि ओरेगॉनच्या सीमेवरील क्लॅमथ नदीवर वीजनिर्मितीसाठी बांधलेली चार धरणे होती. २००२ साली त्या नदीच्या खालच्या भागात ३०,००० हून अधिक सॅमन मरून पडले. युरोक, कारुक आदी आदिवासींनी वीस वर्षे लढा दिला आणि अखेर २०२३-२४ मध्ये सुरुंग आणि अवजड यंत्रे लावून ती चारही धरणे पाडण्यात आली. धरणे गेल्यावर काही आठवड्यांतच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, सॅमन वरच्या खोऱ्यात पोहोचला. ओरेगॉनमधील तिच्या उपनदीत तो १९१२ नंतर प्रथमच दिसला. तेथेही पोकलेनच होते. त्याला हुकूम वेगळा होता आणि तो देणारे वेगळे होते. म्हणूनच यंत्राला सरसकट राक्षस ठरवणाऱ्या आमच्या काही मित्रांशी आम्ही सहमत नाही. चरख्याच्या भाषेत पोकलेनचा निषेध करणे सोपे आहे. त्याला कामाला लावण्याचा अधिकार कोणाचा, हे विचारणे कठीण आहे.

यंत्राला देण्याजोगे काम आपल्याकडे मुबलक आहे. गाळाने भरलेले आणि दारे गंजलेले कितीतरी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाणीही अडवत नाहीत आणि माशालाही वर जाऊ देत नाहीत, ते काढावेत. पुण्यासारख्या शहरांत बांधकामाचा राडारोडा रात्रीतून नदीपात्रात लोटला जातो, तो उचलावा. पात्रात भराव घालून बांधलेल्या मंगल कार्यालयांचा आणि वाहनतळांचा भराव काढावा. पण तेथे यंत्र वळत नाही, कारण तेथे मालक बसलेला आहे. उलट पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठांवर ४,७२७ कोटींच्या अंदाजाची नदीकाठ 'सुधारणा' हाती घेण्यात आली. मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली. काठ दगडाने बांधायचे, झाडे हटवायची आणि वर फिरायला पथ करायचा. नदीत मैला तसाच येत असताना काठावर बाकडी मांडण्याला नदीसुधार म्हणावयाचे, तर मग रोग्याला नवी चादर घालण्याला शस्त्रक्रिया म्हणायला हरकत नाही.

चिपळूणचे उदाहरण मात्र अधिक गुंतागुंतीचे आहे आणि तेथे आम्ही जपून बोलू इच्छितो. २२ जुलै २०२१ च्या पुरात ते शहर बुडाले. वाशिष्ठी आणि शिव नद्यांतील गाळ काढा, यासाठी तेथील नागरिकांनी आंदोलन केले, आणि ज्यांच्या घरात छतापर्यंत पाणी चढले त्यांना माशांच्या डोहाची गोष्ट सांगणे हा उद्धटपणा ठरेल. शहराजवळचा गाळ काढणे भागच होते. पण वाशिष्ठीत गाळ येतो कोठून? रत्नागिरी जिल्ह्यातले बहुतेक जंगल खासगी मालकीचे आहे आणि सह्याद्रीच्या उतारावर त्याची तोड सुरू असते. उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्याच पावसात नदीत उतरते. त्यात कोयनेची वीज करून सोडलेले अवजलही याच नदीला मिळते. म्हणजे डोंगरावर करवत चालू ठेवायची आणि खाली दर उन्हाळ्याला यंत्र लावायचे. करवतीचाही धंदा चालतो, यंत्राचाही. चिपळूणकरांनी गाळाबरोबर तोडीचाही जाब मागितला पाहिजे, कारण पुढचा पूर त्या उतारावरूनच येणार आहे.

येत्या उन्हाळ्यात पुन्हा नारळ फुटतील. ज्या गावाच्या शिवेत यंत्र येणार असेल त्या गावच्या ग्रामसभेने हार घालण्यापूर्वी तीन कागद मागावेत. पहिला, ओढ्यातील डोहांची, वाळूच्या पट्ट्यांची आणि काठावरच्या झाडांची यादी, त्या गावच्या भोयाला आणि गुराख्याला सोबत घेऊन केलेली. त्या यादीतल्या एकाही जागेला यंत्राचा दात लागता कामा नये. दुसरा, माथ्यावरची चर-बांधाची कामे मजुरांकडून पुरी झाल्याचा हजेरीपट. तो नसेल तर पायथ्याला एक घनमीटरही खोदू द्यायचा नाही. तिसरा, साठणाऱ्या पाण्याच्या वाटपाचा ठराव, ज्यात भूमिहीनांची नावे असतील आणि मोटारींची संख्या ठरलेली असेल. हे तीन कागद तहसीलदारांच्या टेबलावर नसतील तर ते यंत्र ज्या ट्रेलरवरून आले त्याच ट्रेलरवरून परत पाठवण्याचा ठराव त्याच सभेत करावा आणि त्याची प्रत आमच्याकडे पाठवावी. ती आम्ही याच पानावर छापू.